उजनीकाठचा अडता संगणक

यंत्र बंद पडणे आणि यंत्र अडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बंद पडलेले यंत्र मनुष्य एक तर दुरुस्त करून घेतो, अथवा मोडीत काढतो. परंतु जे यंत्र घटकाभर नीट चालते, मध्येच स्तब्ध होते, कोणी हात न लावता पुन्हा सुरू होते, आणि जणू काही घडलेच नाही अशा थाटात आणखी घटकाभर चालते, ते घरातील माणसांस आशाही सोडू देत नाही व निश्चिंतपणे बसूही देत नाही. दहा-पंधरा वर्षे वापरलेला घरगुती संगणक बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतो. पडद्यावरील चित्र जागच्या जागी गोठले म्हणजे लोक 'हँग झाला' म्हणतात. पडदा काळा होऊन सारे पहिल्यापासून सुरू झाले म्हणजे 'रिस्टार्ट झाला' म्हणतात. मग घरोघर निदानही ठरलेले असते : व्हायरस शिरला असेल, नाही तर यंत्र जुने झाले, तेव्हा आता नवे घ्यावे. या निदानांत परीक्षेचा भाग फारसा नसतो. वैद्याने नाडी न पाहता काढा लिहून द्यावा, तसलाच हा प्रकार होय.

इतिहासविषयक निबंधास हा विषय योग्य काय, अशी शंका एखाद्या वाचकास येईल. राजांच्या लढायांस इतिहास आहे, तसा घरातील उपकरणांसही आहे. आणि ज्या उपकरणावर कुटुंबाचे हिशेब, कागदपत्रे व आठवणी विसंबल्या आहेत, त्याचा इतिहास अगदीच उपेक्षणीय नव्हे. किंबहुना संगणकाचे अडणे हे संगणकाइतकेच जुने आहे. प्रथमच्या कर्त्यांनी या अडण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे ध्यानी आले म्हणजे आपल्या घरातील दुखण्याचे मूळही सापडू लागते. हा प्रश्न आम्ही उजनी धरणाच्या काठी नेऊन पाहणार आहोत. कारण तेथे तो जितका स्पष्ट दिसतो तितका शहरात दिसत नाही.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. एकंदर साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट; परंतु त्यापैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट हा मृतसाठा, म्हणजे कालव्यास सहजी न लागणारा. २०२४ च्या उन्हाळ्यात झाले त्याप्रमाणे पाणी या पातळीखाली उतरले, की 'धरण उण्यात गेले' असे काठचे लोक म्हणतात. धरणाचा फुगवटा करमाळा व इंदापूर तालुक्यांच्या सीमेवरून थेट दौंडच्या बाजूपर्यंत पसरला आहे. त्याखाली जुनी गावठाणे गेली व माणसे उठून वर येऊन बसली. केत्तूरसारख्या गावाच्या नावापुढे आज 'नंबर १', 'नंबर २' असे आकडे लागलेले दिसतात, ते या उठण्याचेच चिन्ह होय. दुष्काळी वर्षी पाणी ओसरले म्हणजे पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि वृद्ध मंडळी आपल्या नातवंडांस घेऊन ते पाहावयास जातात.

अशा या काठावर ऊस आला, पुढे कंदर-वांगीच्या बाजूस केळी आली, आणि या पिकांच्या पैशाबरोबर संगणकही आला. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली व त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावोगावी पोचला. सरकारी नोकरीस तो उपयोगी, म्हणून मुलामुलींनी तो केला. आणि सरावासाठी म्हणून कित्येक घरांत एक पांढरा अथवा काळा डबा, एक जाडजूड पडदा व एक प्लॅस्टिकचे आच्छादन अशी त्रयी येऊन बसली. त्या डब्यास सारे घर 'सीपीयू' म्हणते. वास्तविक सीपीयू हा आतील एका चकतीएवढा भाग होय. पण नाव मात्र अवघ्या पेटीस चिकटले आहे. पुढे मुले पुण्यास गेली, हाती मोबाइल आले, आणि तो डबा आजोबांच्या अथवा धाकट्या भावाच्या वाट्यास राहिला.

परंतु त्या डब्यात काय साठले आहे ते पाहिले पाहिजे. उसाच्या व केळीच्या उचलीचे वर्षानुवर्षांचे हिशेब, लग्नकार्याची छायाचित्रे, आणि विशेषेकरून ज्या घराची जमीन धरणात गेली, त्या घरचे कागद, म्हणजे भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत, संपादित गटांचे जुने उतारे, पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीचा आदेश, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. मूळ कागद कसरीने खाल्ले अथवा भावाभावांत वाटले गेले, आणि कोणा शहाण्या मुलाने कधीकाळी काढून ठेवलेली त्यांची स्कॅन-प्रत तेवढी त्या यंत्रात राहिली, असे घडणे मुळीच अशक्य नाही. ज्या कुटुंबाचे घर एकदा पाण्याखाली गेले, त्याच्या कागदांसही दुसऱ्यांदा बुडण्याची वेळ यावी काय, हा या अडत्या संगणकामागील खरा प्रश्न आहे. दुकानदार जुना डबा घेऊन नव्यावर हजार-पाचशे रुपये सोडतो. त्या सौद्यात काय काय जाते याचा हिशेब त्याच्या पावतीत नसतो.

आता यंत्राच्या अडण्याचा इतिहास पाहण्याकरिता आपणास उजनीपासून थोडे दूर गेले पाहिजे. १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या 'एनियाक' या यंत्रात सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या. नलिका म्हणजे दिव्यासारखीच वस्तू. ती तापते आणि केव्हा तरी जळते. अठरा हजारांतील एक जरी गेली तरी गणित चुकते. तथापि या यंत्राच्या चालकांनी एक गोष्ट हेरली : नलिका चालू असताना जितक्या जातात त्याहून यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना, म्हणजे थंडगरम होताना, अधिक जातात. म्हणून त्यांनी यंत्र शक्यतो बंदच करावयाचे नाही असे ठरविले. त्यामुळे सुमारे दोन दिवसांत एखादी नलिका जाण्यापर्यंत प्रमाण खाली आले, आणि १९५४ साली ते यंत्र एकदा सलग ११६ तास न अडता चालले. शंभर-सव्वाशे तास न अडणे हा त्या काळी विक्रम होता! आपला अठरा वर्षांचा डबा दिवसातून दोनदा अडतो म्हणून कपाळास हात लावणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या महाराष्ट्रातही या पिढीचे यंत्र घडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला व १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. इतक्या नलिका एकत्र जळत ठेवणारे यंत्र उष्णतेशी व विजेशी सतत झगडत असते. भारतात घडलेल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी एकाच्या कर्त्यांपुढे जे दोन शत्रू उभे होते, तेच दोन आज करमाळा तालुक्यातील पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डब्यापुढे उभे आहेत. साठ वर्षांत यंत्र आकाराने अत्यंत लहान व वेगाने अत्यंत मोठे झाले. शत्रू मात्र बदलले नाहीत.

याच इतिहासातील दुसरी एक गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड येथील 'मार्क दोन' या यंत्रात बिघाड झाला, आणि शोध घेता ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग सापडला. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात, व संगणकातील दोषास 'बग' म्हणजे किडा हे नाव तेव्हापासून पडले असे समजतात. ते नाव त्याहून कितीतरी जुने आहे. आमच्या दृष्टीने त्या प्रसंगातील महत्त्वाची वस्तू पतंग नव्हे, तर वही होय. यंत्र केव्हा सुरू केले, कोणती चाचणी केव्हा घेतली, ते केव्हा अडले, हे तेथील मंडळी वेळेनिशी लिहून ठेवीत. आणि म्हणूनच तो पतंग चिकटपट्टीने चिकटवावयास पान तयार होते. ज्या घरात संगणक अडतो त्या घरात अशी वही बहुधा नसते. 'सारखा बंद पडतो' एवढेच वाक्य दुरुस्ती करणाऱ्यास ऐकविले जाते, आणि त्या वाक्यातून तो बिचारा काही एक काढू शकत नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती एका निराळ्याच कारणाने त्रासले होते. ते आपले गणित शनिवार-रविवारी यंत्रावर लावून ठेवीत. त्या यंत्रास आपली चूक ओळखता येत असे. पण सुटीच्या दिवशी जवळ कोणी नसल्याने चूक आढळताच ते हे गणित सोडून देई व पुढचे काम हाती घेई. सोमवारी हॅमिंग येऊन पाहतात तो काम अर्धेच! यंत्रास चूक कळते, तर ती कोठे आहे हे शोधून सुधारता का येऊ नये, असा प्रश्न त्यांनी स्वतःस केला, आणि १९५० साली चूक सुधारणाऱ्या संकेतांची आपली प्रसिद्ध पद्धत प्रकाशित केली. हीतील तत्त्व साधे आहे. मोजणीच्या आकड्यांबरोबर काही साक्षीचे आकडे ठेवावयाचे. साक्ष जुळली नाही तर कोठे तरी गफलत आहे असे समजावयाचे. आणि साक्षी पुरेसे असतील तर गफलत कोणती हेही ओळखावयाचे. बाजारात केळीच्या घडांचे वजन करणारा व पावती लिहिणारा हे दोन निराळे असावेत, असे शेतकरी म्हणतो त्यातीलच हे शहाणपण होय.

१९८१ साली निघालेल्या आयबीएमच्या घरगुती संगणकात अशी एक साधी साक्ष होती. स्मृतीतील प्रत्येक आठ खुणांबरोबर एक नववी खूण ठेवलेली असे. हिशेब जुळला नाही की यंत्र तसा संदेश दाखवून थांबे. लोकांस ते थांबणे आवडत नसे. पण ते प्रामाणिक थांबणे होते. पुढे १९९० नंतरच्या दशकात किमती उतरविण्याची चढाओढ लागली, आणि घरगुती यंत्रांतून ही नववी खूण हळूहळू गाळली गेली. मोठ्या संस्थांच्या यंत्रांत ती राहिली; घरच्या यंत्रात राहिली नाही. याचा परिणाम असा, की आज आपल्या घरातील संगणकाच्या स्मृतीत एखादा आकडा बदलला तर ते त्यास कळतच नाही. तो त्या चुकीच्या आकड्यावर पुढील काम करतो, कोठे तरी निरर्थक जागी जाऊन पोचतो, आणि मूकपणे गोठतो. 'हँग' होणे म्हणतात ते पुष्कळदा हेच. आपण यंत्रास मुका म्हणतो. परंतु त्याची जीभ आपण स्वस्ताईच्या बदल्यात विकत दिलेली आहे.

दुसरी जीभ २००१ साली गेली. त्या वर्षी निघालेल्या 'विंडोज एक्स्पी'त गंभीर दोष घडताच संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी योजना मुळातच केलेली होती. त्यापूर्वी निळ्या पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटून राहत असे. आता तो निमिषभर चमकतो व जातो, आणि घरच्यांस एवढेच दिसते, की यंत्र आपल्या आपण 'रिस्टार्ट' झाले. ही योजना सेटिंगमधील एक खूण काढून बंद करता येते. तसे केले म्हणजे निळा पडदा टिकतो, क्रमांक लिहून घेता येतो, व निदानास आधार मिळतो. ज्यांचा संगणक अडतो त्यांपैकी कितीजणांनी ही खूण काढून पाहिली असेल?

येथे कोणी असा समज करून घेऊ नये, की आपोआप पुन्हा सुरू होणे हा स्वभावतःच दोष आहे. २० जुलै १९६९ रोजी 'अपोलो ११'चे यान चंद्रावर उतरत असता त्यातील संगणकाने '१२०२' व '१२०१' या क्रमांकांचे इशारे दिले, आणि त्या अल्प अवधीत तो अनेक वेळा पुन्हा सुरू झाला. मॅसॅच्युसेट्स येथील ज्या मंडळींनी त्याची आज्ञावली रचली, त्यांनी अशी तजवीज केली होती, की काम अनावर झाले तर संगणकाने सर्व टाकून पुन्हा उठावे, अगत्याची कामे जेथे थांबली तेथूनच धरावी, आणि बिनमहत्त्वाची सोडून द्यावी. यान सुखरूप उतरले ते या पुनरारंभामुळे. आणि त्या संगणकावर असा भार पडण्याचे कारण पुढे शोधले गेले तेव्हा काय आढळले? एका रडारास व संगणकास जोडणाऱ्या दोन वीजपुरवठ्यांची वारंवारता एकच होती, परंतु त्यांची 'फेज' जुळत नव्हती. त्यामुळे संगणकाचा काही वेळ निरर्थक मोजणीत जात होता. म्हणजे दोष संगणकात नव्हता, त्याच्या आज्ञावलीत नव्हता. तो विजेत होता.

'फेज' हा शब्द उच्चारताच आपण पुन्हा उजनीच्या काठी येतो. कारण या शब्दाचा अर्थ तेथील शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅट क्षमतेचे वीजगृह आहे. पण तेथील वीज काठच्या गावास वेगळी अशी मिळत नाही, ती राज्याच्या जाळ्यात मिसळते. जलाशयाच्या काठाकाठाने मोटारी बसलेल्या आहेत. शेतीस थ्री-फेज वीज ठरलेल्या तासांतच मिळते, आणि ते तास कधी दिवसा तर कधी रात्री येतात. प्रत्येक वेळी उठून मोटार चालू करावयास कोण जाणार? म्हणून पुष्कळांनी पेटीत 'ऑटो स्विच' बसविलेला असतो. वीज येताच एकाच डीपीवरील साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. आणि मोटार उठताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. त्या क्षणी व्होल्टेज एकदम खाली बसते. दिवा मिणमिणतो, पंखा मंदावतो, आणि कोपऱ्यातील संगणक 'रिस्टार्ट' होतो. दिव्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. संगणकास मात्र म्हातारा ठरविले जाते. २००५ ते २०१२ या भारनियमनाच्या कठीण काळानंतर गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या पुष्कळ ठिकाणी वेगळ्या झाल्या, ही गोष्ट खरी. परंतु वस्तीवर, रानात घर करून राहणाऱ्या कुटुंबांचे दुखणे त्याने संपलेले नाही. आणि उजनीकाठी वस्त्यांवर राहणारे लोक थोडे नाहीत.

संगणक या झटक्याने का उठतो, हे समजण्यास त्याच्या आतील एसएमपीएस नावाची पेटी पाहिली पाहिजे. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तने घेते. म्हणजे तिचा जोर सेकंदातून शंभर वेळा चढतो व शंभर वेळा शून्यावर येतो. एसएमपीएसमधील मोठा कपॅसिटर चढत्या क्षणी वीज भरून घेतो व उतरत्या क्षणी ती पुढे देतो. धरण पावसाळ्यात भरून घेते व उन्हाळ्यात कालव्यास देते, तेच काम; फरक एवढाच, की धरणाचे वर्ष येथे सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात पुरे होते! वीज पूर्णपणे गेली तरी चांगल्या एसएमपीएसचा साठा सुमारे सोळा-सतरा सहस्रांश सेकंद टिकावा असा दंडक आहे. तेवढ्यात वीज परत आली तर यंत्रास काही कळत नाही. न आली, तर एसएमपीएस मदरबोर्डास दिलेली 'वीज ठीक आहे' ही खूण काढून घेतो, आणि मदरबोर्ड सारे काम थांबवून पुन्हा पहिल्यापासून उभा राहतो. अपुऱ्या विजेवर चुकीचे गणित करण्यापेक्षा थांबावे, असा हा नेम आहे. आणि तो नेम शहाणपणाचा आहे.

आता जुन्या यंत्रात फरक कोणता पडतो? धरणात वर्षानुवर्षे गाळ साठतो. पाण्याची पातळी तीच दिसते, धरण शंभर टक्के भरले असे पत्रात छापून येते, परंतु खाली गाळ असल्याने पाणी पूर्वीइतके नसते. कपॅसिटरचेही तेच होते. त्यातील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. बाहेरून तो तोच दिसतो, पण पूर्वीइतकी वीज धरीत नाही. नवा असताना जो डबा मोटारींचा झटका पचवीत असे, तोच दहा वर्षांनी त्याच झटक्यात उठून बसतो. झटका जुनाच आहे; साठा कमी झाला आहे. शेतकऱ्यास हा विषय परका नाही. पंपाच्या पेटीस कपॅसिटर बसवा, म्हणजे व्होल्टेज सावरेल, असे वीज कंपनी त्यास सांगत आलेली आहे. तोच कपॅसिटर, बोटाच्या पेराएवढा होऊन, संगणकाच्या मदरबोर्डावर ओळीने उभा असतो.

या लहान कपॅसिटरांचा इतिहास तर विशेषच उद्बोधक आहे. १९९९ पासून सुमारे २००७ पर्यंत जगभर विकल्या गेलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले होते. २००२ च्या सुमारास ही गोष्ट उघडकीस आली. द्रवात योग्य ती संरक्षक द्रव्ये नसल्याने आत वायू निर्माण होई, माथा फुगे, व शेवटी तपकिरी रस बाहेर येई. अशी यंत्रे प्रथम क्वचित, मग दिवसाआड, मग तासातासास अडत. आमच्या काठावरील घरांत पहिल्या लाटेने जे डबे आले ते याच वर्षांचे. तेव्हा अशा डब्याची बाजूची पाटी काढून बॅटरीच्या उजेडात मदरबोर्ड पाहावा. कपॅसिटरचा माथा सपाट असला पाहिजे. तो भाकरीसारखा टम्म फुगला असेल, तर व्हायरसाचा शोध थांबवावा. असे कपॅसिटर तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणारा कारागीरही थोडक्या पैशांत बदलून देऊ शकतो.

दुसरा शत्रू उष्णता. वैशाखात सोलापूर जिल्ह्यात पारा चाळीस अंशांपलीकडे राहतो, आणि पत्र्याखालील खोलीत त्याहून अधिक. प्रोसेसरवरील पंख्याखाली जी जाळी असते तीत कापसासारखी धूळ बसते. प्रोसेसर व जाळी यांमधील लेप वाळून त्याचा चुरा होतो. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापला की यंत्र स्वतःस वाचविण्याकरिता थांबते. याची खूण अशी, की सकाळी यंत्र नीट चालते, दुपारी अडते, आणि घटकाभर विसावा दिला तर पुन्हा चालते. येथेही यंत्र चुकत नसून सावध आहे. घरात उन्हाळ्यासाठी जी सावली आपण बैलास शोधतो, ती या डब्यासही शोधली पाहिजे. आणि त्यावरील प्लॅस्टिकचे आच्छादन यंत्र चालू असताना तरी काढले पाहिजे.

तिसरे कारण स्मृतीच्या पट्ट्या. १९७०च्या दशकाअखेर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी असे दाखविले, की स्मृतीच्या चकतीवरील आवरणात असलेल्या युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे कणही एखादा आकडा पालटू शकतात. परंतु आमच्या घरातील दोष बहुधा इतका सूक्ष्म नसतो. पट्टीचे सोनेरी दात मळतात, अथवा पट्टी खाचेत सैल होते, एवढेच. वीज काढून, पट्टी बाहेर घेऊन, दात खोडरबराने हलके पुसून पुन्हा घट्ट बसविल्याने कित्येक यंत्रे बरी झालेली आहेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. दोषी कोण ते कळते. चौथे कारण हार्ड डिस्क. ती झिजली म्हणजे एकच जागा पुनःपुन्हा वाचण्याचा यत्न करीत राहते, तोवर पडदा गोठतो, व कधी टकटक असा आवाज येतो. ही खूण सर्वांत गंभीर समजावी, कारण बाकीचे भाग विकत मिळतात, डिस्कमधील मजकूर मिळत नाही.

एवढ्या विवेचनावरून उपायांचा क्रम सहज ठरतो. यंत्र अजून थोडे तरी चालते आहे तोच, दुसरे काही करण्यापूर्वी, त्यातील कागद व छायाचित्रे पेनड्राइव्हवर अथवा दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. त्यानंतर वही घालावी, आणि आठ दिवस यंत्र केव्हा अडले ते वेळेनिशी लिहावे. शेजारी शेतीच्या विजेचे तास लिहावे. नव्या विंडोजांत यंत्रही आपली वही ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये ४१ क्रमांकाची नोंद दिसली, तर यंत्र रीतसर बंद न होता एकाएकी गेले असे समजावे. दोन्ही वेळा जुळल्या तर दोष विजेकडे आहे. तेव्हा चांगला यूपीएस लावावा. असलेल्याची बॅटरी तपासावी, कारण ती दोन-चार वर्षांतच संपते. आणि शक्य तर यंत्र आठ दिवस टेंभुर्णीस अथवा करमाळ्यास एखाद्या आप्ताकडे नेऊन चालवावे. तेथे न अडले, तर निदान पुरे झाले. त्यानंतर धूळ, मग स्मृती, मग कपॅसिटर, असे बाहेरून आत जावे. एसएमपीएसची पेटी मात्र घरच्याने कदापि उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यात तीनशे व्होल्टांचा साठा काही काळ राहतो.

यावर कोणी म्हणेल, की आता मोबाइल आला, तेव्हा या डब्याचा मोह कशास? आक्षेप विचार करण्याजोगा आहे, आणि त्यास आपल्याच सहकारक्षेत्रातील दाखला आहे. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे सरकारी साहाय्याने आसपासच्या सुमारे सत्तर गावांस साखर कारखान्याशी संगणकाने जोडण्याची योजना निघाली. पुढे २००६-०७ च्या सुमारास बंगळूर येथील संशोधकांनी पाहिले, की गावांतील ते संगणक मुख्यतः ऊस व खताची माहिती कारखान्याकडे पोचविण्याच्या व तेथून आणण्याच्याच कामी लागतात, आणि त्यांची देखभाल जड जाते. त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांनी करून दाखविले, आणि ते स्वस्तही पडले. यावरून जेथे काम केवळ निरोपाचे, तेथे संगणक सोडता येतो, असे दिसते. परंतु त्याच दाखल्यात दुसरे एक तत्त्व आहे : यंत्र कोणते काम करते हे आधी पाहिले गेले, आणि मगच ते काढले गेले. उजनीकाठच्या घरातील डब्याचे काम निरोपाचे नसून जतनाचे आहे. जुना डबा मोडीत काढण्यास आमची हरकत नाही. त्यात काय आहे हे न पाहता काढण्यास आहे.

सारांश, संगणकाच्या इतिहासात जे जे यंत्र अडले ते बहुधा काही सांगावयास अडले. एनियाकच्या चालकांनी ते ऐकले व यंत्र चालू ठेवावयास शिकले. हॅमिंग यांनी ऐकले व नवे गणित दिले. चांद्रयानाच्या कर्त्यांनी तर थांबणे व पुन्हा उठणे हाच सुटकेचा मार्ग करून ठेवला. आपल्या घरातील यंत्र जेव्हा मध्येच थांबून पुन्हा उभे राहते, तेव्हा ते म्हातारपणाची कुरकुर करीत नसून बहुधा विजेची, उन्हाची अथवा धुळीची तक्रार करीत असते. ती तक्रार वेळेनिशी लिहून घेणे हे दुरुस्तीचे अर्धे काम होय. आणि डीपीवरील भाराविषयी गावाने एकत्र बसून बोलणे, ऑटो स्विच आळीपाळीने ठेवणे, पंपांस कपॅसिटर लावणे, हे उरलेल्या अर्ध्यापैकी पुष्कळ. ते एका घरास साधणारे नाही. त्यास सारी वस्ती लागते.

पळसदेवचे देऊळ दुष्काळात पुन्हा वर येते, कारण ते दगडाचे आहे. डिस्कवरील निवाड्याची प्रत एकदा गेली म्हणजे कितीही धरण उण्यात गेले तरी वर येणार नाही. म्हणून ज्यांच्या घरी असा अडता संगणक असेल, त्यांनी दुरुस्तीचा विचार सवडीने करावा. प्रत मात्र आज संध्याकाळीच, मोटारी उठावयाच्या आत, काढून घ्यावी.